बॉटुलिनमचे वाण आणि प्रतिविष: 'टाइप ए' म्हटलं की सगळे ए आले का?

प्रयोगवही (धागाकर्ता)

नमस्कार. क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम या जिवाणूचं विष चेतापेशींत शिरून पक्षाघात घडवतं, त्या आजाराला बॉटुलिझम म्हणतात. या जिवाणूचे अनेक वाण (स्ट्रेन) आहेत. ते विष अडवणाऱ्या प्रतिविषांच्या चाचण्यांचं काम मी बरीच वर्षं करत आलो आहे. या काळात एक वाक्य विद्यार्थ्यांकडून, डॉक्टरांकडून, कधीकधी सहकाऱ्यांकडूनही ऐकलं आहे: "हे प्रतिविष टाइप ए वर चालतं ना? मग ए च्या सगळ्या वाणांवर चालणारच." त्या 'चालणारच' साठी हा धागा काढतोय, कारण त्यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो अर्धवट सांगितला जातो.

१८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्यविधीनंतर वादकांच्या मंडळाने खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या मांसातून जिवाणू वेगळा केला आणि १८९७ मध्ये सविस्तर लिहिलं. त्या उद्रेकात जिवाणूने माणसाच्या शरीरात वाढून मारलं नव्हतं, अन्नात विष तयार करून ठेवलं होतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९०४ मध्ये जर्मनीत डार्मश्टाट इथे डबाबंद घेवड्याच्या सॅलडमधून तसाच उद्रेक झाला. लक्षणं तीच, जिवाणूही तसाच दिसणारा. मग १९१० मध्ये लॉइक्स यांनी दोन्ही वाणांच्या विषांवर प्रतिविषं तयार करून अदलाबदल करून पाहिली. एलझेलच्या विषाला डार्मश्टाटचं प्रतिविष अडवेना आणि उलटही तेच.

सूक्ष्मदर्शकाखाली सारखे, रोगही सारखा, पण प्रतिकारशक्तीच्या नजरेतून दोन अनोळखी पदार्थ. १९१९ मध्ये जॉर्जिना बर्क यांनी या भेदाला ए आणि बी ही अक्षरं दिली. त्यानंतर सी (१९२२), डी (१९२०च्या दशकाच्या शेवटी, दक्षिण आफ्रिकेतल्या गुरांतून), ई (१९३६), एफ (१९६०, डेन्मार्कमधल्या लांगेलान बेटावरचा उद्रेक) आणि जी (१९७०, अर्जेंटिनातल्या मातीतून) अशी यादी वाढत गेली. व्याख्या मात्र कायम तीच राहिली: एका प्रकाराविरुद्धचं प्रतिविष त्याच प्रकाराला निष्प्रभ करतं, इतरांना नाही.

इथे लक्षात घ्या, ही अक्षरं जिवाणूंची वर्गवारी नाहीत, विषाची आहेत. टाइप ई चं विष क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमचे काही वाणही तयार करतात, टाइप एफ चं क्लॉस्ट्रिडियम बाराटीचे. टाइप जी तयार करणाऱ्या जिवाणूला तर आता क्लॉस्ट्रिडियम अर्जेंटिनेन्स असं वेगळंच नाव आहे. एकच वाण दोन विषंही बनवू शकतो. काही ए वाणांत बी चं जनुक असतं, पण ते मुकं असतं, त्यातून विष तयार होत नाही. म्हणून 'अमुक वाणाची प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने तुलना' असं म्हणताना आपण जिवाणूची नाही, त्याने सोडलेल्या प्रथिनाची तुलना करत असतो.

आता मुख्य मुद्दा. जनुकांची क्रमवारी वाचता यायला लागली तेव्हा कळलं की एका अक्षराच्या पोटातही बरंच वैविध्य आहे. वेगवेगळ्या प्रकारांत अमिनो आम्लांचा फरक साधारण ३७ ते ७० टक्के. पण ए च्या आतच ए१, ए२, ए३ असे उपप्रकार आहेत. ए१ आणि ए२ मध्ये सुमारे १० टक्के फरक आहे, ए१ आणि ए३ मध्ये सुमारे १५. एफ चे उपप्रकार तर याहून कितीतरी लांब गेलेले. प्रतिविषं आणि लशी मात्र मुख्यतः एकेका ठरलेल्या वाणावर बनल्या: ए साठी 'हॉल', बी साठी 'ओक्रा', एफ साठी 'लांगेलान'. म्हणजे तपासणीच्या कागदावर 'ए वर परिणामकारक' लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा शब्दशः अर्थ बहुधा 'हॉल वाणाच्या ए१ वर परिणामकारक' एवढाच असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: तुलना करताना दोन प्रश्न आधी विचारा. प्रतिविष कोणत्या उपप्रकारावर बनलं? आणि कोणत्या उपप्रकाराविरुद्ध तपासलं? दोन्हींचं उत्तर 'हॉल' असेल, तर इतर ए बद्दल त्या आकड्यातून काहीच कळत नाही.

---

जिज्ञासा_क

धागा आवडला, वाचनखूण साठवली. मी या क्षेत्रातली नाही, म्हणून साधे प्रश्न विचारते.

१) धनुर्वाताचं विषही याच घराण्यातलं ना? मग धनुर्वाताची एकच लस सगळीकडे चालते आणि इथे सात-सात प्रकार, असं का?

२) धनुर्वातातून बऱ्या झालेल्या माणसालाही लस देतात असं ऐकलंय. एकदा आजार होऊन गेला की शरीर ओळखायला शिकत नाही का?

---

चेतासंधी

जिज्ञासाताई, धागाकर्ते उत्तर देतीलच, पण हा माझ्या आवडीचा विषय आहे म्हणून मध्ये बोलतो.

पहिल्या प्रश्नाचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. क्लॉस्ट्रिडियम टेटानीचे कितीही वाण गोळा करा, त्यांचं विष प्रतिकारशक्तीला एकच दिसतं. जिवाणूच्या अंगावरच्या प्रतिजनांवरून (प्रतिकारशक्ती ओळखते त्या खुणांवरून) टेटानीचेही गट पाडता येतात, पण विष एकच. जनुक एका प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असतं आणि वाणावाणांत त्याचा क्रम फारसा बदलत नाही. म्हणून १८९० मध्ये बेरिंग आणि किटासातो यांनी सशाच्या रक्तद्रवाने उंदरांना धनुर्वातापासून वाचवलं, तेव्हा ते तत्त्व कुठल्याही वाणाला लागू पडलं. १९२०च्या दशकात गास्तों रामों यांनी फॉर्माल्डिहाइडने विषाची धार काढून टॉक्सॉइड बनवलं, त्यालाही वाणांच्या भेदाची अडचण आली नाही.

गंमत पुढे आहे. धनुर्वाताचं विष आणि बॉटुलिनम बी हे दोघे चेतापेशीच्या आत व्हॅम्प नावाचं एकच प्रथिन कापतात, तेही अगदी त्याच जागी, ७६ आणि ७७ या अमिनो आम्लांच्या मधे. कात्री तीच, कापड तेच. तरीही धनुर्वाताची लस घेतलेल्याला बॉटुलिनम बी पासून संरक्षण मिळत नाही. कारण प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) कात्रीच्या पात्याशी देणंघेणं नसतं, ती विषाच्या पृष्ठभागाला धरतात. पातं आत लपलेलं, पृष्ठभाग वेगळा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्रेत आहे. बॉटुलिनम ए ची प्राणघातक मात्रा टोचून दिली तर ७० किलोच्या माणसासाठी अंदाजे ०.१ मायक्रोग्रॅम. धनुर्वाताचं विषही याच तोडीचं. लशीत टॉक्सॉइड असतं कित्येक मायक्रोग्रॅम. म्हणजे जीव घेण्याइतकं विषही प्रतिकारशक्तीला जागं करायला अपुरं पडतं! म्हणून रोगातून वाचलेला माणूस तसाच उघडा राहतो आणि त्याला लस द्यावीच लागते.

---

जिज्ञासा_क

हे वाचून अंगावर काटा आला. आणखी एक: मग प्रतिपिंड विषाला नेमकं कुठे धरतं म्हणजे ते निकामी होतं?

---

प्रयोगवही (धागाकर्ता)

चेतासंधी, फार नेमकं लिहिलंत.

जिज्ञासा, विषाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक जड साखळी, सुमारे १०० किलोडाल्टन, आणि एक हलकी, सुमारे ५०. दोन्ही एका डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या. जड साखळीचं शेवटचं टोक चेतापेशीला चिकटतं, तिचा मधला भाग हलक्या साखळीला पेशीच्या आत ढकलतो आणि हलकी साखळी आत जाऊन कात्रीचं काम करते. कात्रीच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो.

प्रतिपिंड पेशीच्या बाहेर फिरतं, आत शिरत नाही. त्यामुळे सगळ्यात कामाची ठरतात ती चिकटणाऱ्या टोकाला झाकणारी प्रतिपिंडं. तिथे बसलं की विषाला दारच सापडत नाही. आणि नेमक्या याच टोकावर उपप्रकारांमधले बरेच फरक आहेत. उलट जस्ताभोवतीचा भाग सगळ्या प्रकारांत जवळपास सारखा, पण तिथे प्रतिपिंड पोहोचत नाही. जिथे साम्य आहे तिथे आपला हात पोहोचत नाही आणि जिथे हात पोहोचतो तिथे चेहरा बदललेला, अशी ही अडचण आहे.

यातूनच दुसरी गोष्ट: विष एकदा चेतापेशीत शिरलं की कुठलंही प्रतिविष त्याला बाहेर काढू शकत नाही. रक्तात फिरणारं तेवढंच पकडता येतं. झालेला पक्षाघात प्रतिविषाने उलटत नाही, वाढायचा थांबतो. म्हणून ते लवकर द्यायचं असतं.

---

दुसरी_बाजू

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही.

उपप्रकारांच्या फरकाचा बाऊ मोनोक्लोनल (म्हणजे सगळी एकसारखी, विषाच्या एकाच जागेला धरणारी) प्रतिपिंडांच्या अभ्यासांतून आला आहे. प्रत्यक्ष रुग्णाला मोनोक्लोनल नाही, घोड्याच्या रक्तद्रवातलं प्रतिविष दिलं जातं. त्यात विषाच्या अंगभर चिकटणारी शेकडो तऱ्हेची प्रतिपिंडं असतात. दहा टक्के अमिनो आम्लं बदलली म्हणून ती सगळी निकामी होत नाहीत. सात प्रकारांवरचं घोड्याचं प्रतिविष अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झालं, तेही सात अक्षरांवरच बेतलेलं आहे. ए१, ए२ अशी वेगळी बाटली कोणी ठेवत नाही. ही व्याख्याच मुळी मिश्र प्रतिविषावर उभी आहे: ए२ ला ए चं प्रतिविष अडवतं म्हणूनच ते ए२ आहे, नाहीतर त्याला वेगळं अक्षर मिळालं असतं.

---

प्रयोगवही (धागाकर्ता)

तुमचा आक्षेप मोलाचा आहे, आणि शेवटचं वाक्य तर मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. मान्य.

पण 'अडवतं' आणि 'तितकंच अडवतं' यात फरक आहे. मिश्र प्रतिविषातली समजा निम्मी प्रतिपिंडं ए२ ला नीट धरत नसतील, तर प्रतिविष फसणार नाही, त्याची ताकद उतरेल. तेवढ्याच विषासाठी जास्त प्रतिविष लागेल. मात्रा ठरवणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

मोनोक्लोनलच्या बाबतीत तर हे उघडच दिसलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ए विरुद्धची तीन मोनोक्लोनल वेगवेगळी दिली तेव्हा उंदरांना फारसं संरक्षण मिळालं नाही. तिन्ही एकत्र दिल्यावर मात्र उंदराच्या प्राणघातक मात्रेच्या ४,५०,००० पट विष निष्प्रभ झालं, माणसांच्या रक्तातून बनवलेल्या प्रतिविषाच्या सुमारे ९० पट ताकदीने. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, ए१ वर बनलेली सहा मोनोक्लोनल ए२ समोर ठेवली गेली. त्यातल्या तिघांची पकड ५०० पटींपासून १,००० पटींहून जास्त ढिली झाली. म्हणजे हॉलच्या वाणावर अफाट वाटणारं मिश्रण दुसऱ्या ए समोर दुबळं ठरू शकतं. त्यानंतर असे औषधी मिश्रण निवडताना अनेक उपप्रकारांना धरणारीच प्रतिपिंडं शोधली जाऊ लागली.

घोड्याच्या प्रतिविषाला पर्याय म्हणून ही मिश्रणं पुढे येत आहेत. म्हणूनच हा प्रश्न आताचा आहे.

---

दुसरी_बाजू

'ताकद उतरते' हा शब्दप्रयोग पटला. 'चालत नाही' असं तुम्ही म्हणालात असं मी वाचलं होतं, ते माझं चुकलं. एक भर घालतो: दोन प्रतिविषांची तुलना आंतरराष्ट्रीय एककांत करताना लोक प्रकारांमध्येही थेट आकडे लावतात. ए, बी, सी, डी, एफ साठी १ एकक म्हणजे उंदराच्या १०,००० प्राणघातक मात्रा निष्प्रभ करणारं प्रतिविष. ई साठी तेच १ एकक म्हणजे १,००० मात्रा. दहापट फरक! बाटलीवर ए चे आणि ई चे आकडे शेजारी छापलेले पाहून 'ई ची बाजू भक्कम आहे' असं समजणारे मी पाहिले आहेत.

---

प्रयोगवही (धागाकर्ता)

हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

गोठा_ते_प्रयोगशाळा

पशुवैद्यक म्हणून सी आणि डी ची बाजू मांडतो, कारण माणसांच्या चर्चेत हे दोघे कायम वळचणीला पडतात. गुरं आणि पक्षी यांच्यात मरतुक होते ती मुख्यतः यांच्यामुळेच.

इथे तर अक्षरांची व्याख्याच डळमळीत होते. सी आणि डी ची जनुकं जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावर नसतात, जिवाणूत राहणाऱ्या विषाणूवर, म्हणजे फाजवर असतात. त्यांची देवाणघेवाण होऊन जोडविषं तयार झाली आहेत. सी/डी मध्ये पुढचा दोन तृतीयांश भाग सी चा आणि शेवटचा एक तृतीयांश, म्हणजे चेतापेशीला चिकटणारं टोक, डी चं. डी/सी मध्ये उलट. पाणपक्ष्यांच्या मोठ्या मरतुकीत सी/डी वारंवार सापडतं, गुरांत डी आणि डी/सी.

आता याला सी चं प्रतिविष लावायचं की डी चं? धागाकर्त्यांनी वर सांगितलं की सगळ्यात कामाची प्रतिपिंडं टोकाला धरतात. सी/डी चं टोक डी चं, बाकी अंग सी चं. दोन्ही प्रतिविषं थोडीथोडी अडवतात, पण किती, ते त्या प्रतिविषात कुठल्या भागाविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आहेत यावर ठरतं. जुन्या नोंदींमध्ये सी आणि डी 'एकमेकांना थोडे अडवतात' असं लिहिलेलं असायचं आणि ते प्रयोगातली अशुद्धता समजलं जायचं. जनुकं वाचल्यावर त्यामागचं कारण कळलं. गुरांच्या लशीत सी आणि डी दोन्ही घालण्याची पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे.

आणखी एक, थोडं अवांतर. जिज्ञासाताईंनी विचारलं होतं की आजारातून शरीर शिकत नाही का. माणूस शिकत नाही, पण मेलेलं खाऊन जगणारे शिकलेले दिसतात. १९३९ मध्येच अमेरिकेतल्या गिधाडांवर बॉटुलिनम विषाचा परिणाम फारच कमी होतो हे नोंदलं गेलं होतं. १९७९ मध्ये टर्की व्हल्चर जातीची गिधाडं, कावळे, कोयोट अशा मुक्त वावरणाऱ्या प्राण्यांच्या रक्तात बॉटुलिनमच्या प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. कुजलेल्या मांसातून थोडं थोडं विष आयुष्यभर पोटात जात असणार. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस दुसरा विचार करू शकलो नव्हतो.

---

जिज्ञासा_क

अवांतर अजिबात नाही, हेच तर हवं होतं! गिधाडांबद्दल वेगळा धागा काढा ना.

---

नवी_पिपेट

सगळ्यांना नमस्कार. मी नुकतीच प्रयोगशाळेत रुजू झाले आहे. आमच्याकडे दोन वाणांच्या विषांविरुद्धचे रक्तद्रव एलायझाने (प्लेटवर बसवलेल्या विषाला प्रतिपिंडं किती चिकटतात ते मोजणाऱ्या चाचणीने) तपासले. दुसऱ्या वाणावरही आकडा छान आला, जवळपास पहिल्याइतकाच. पण उंदरांच्या चाचणीत दुसऱ्या वाणाच्या विषाने उंदीर मेले. चूक कुठे झाली ते शोधत आठवडा गेला. तुमच्या लेखातला 'कोणत्या उपप्रकाराविरुद्ध तपासलं' हा प्रश्न वाचून वाटलं की कदाचित चूक झालीच नसेल.

---

प्रयोगवही (धागाकर्ता)

नवी_पिपेट, मीही सुरुवातीला यात असाच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एलायझा सांगतो की काहीतरी चिकटलं. ते चिकटल्याने विष थांबलं का, हे तो सांगत नाही. तुमच्या प्लेटवर नेमकं काय बसवलं होतं ते आधी पाहा. शुद्ध १५० किलोडाल्टनचं विष, की त्याचं संकुल? बॉटुलिनम विष जिवाणूतून एकटं बाहेर येत नाही. त्याच्याबरोबर त्याला पोटातल्या आम्लापासून जपणारं एक विषहीन जोडीदार प्रथिन असतं, आणि काही वाणांत रक्तपेशींना गुठळ्या करणारी हेमॅग्लुटिनिन प्रथिनं असतात. हॉलचं ए१ हेमॅग्लुटिनिनच्या संकुलात येतं, ए२ मात्र ओआरएफ-एक्स नावाच्या वेगळ्या जनुकसमूहाबरोबर येतं, त्यात हेमॅग्लुटिनिन नाही. जुनी टॉक्सॉइडं अशा अर्धशुद्ध संकुलांपासूनच बनायची. म्हणून रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांचा मोठा भाग या सोबत्यांविरुद्ध असू शकतो. प्लेटवर संकुल बसवलं की ती सगळी चिकटतात आणि आकडा फुगतो. विषाला त्यातलं कोणीच अडवत नाही.

दुसरं, फॉर्माल्डिहाइडने विषाची धार जाते तशी त्याच्या पृष्ठभागाची ठेवणही काही ठिकाणी बिघडते. बिघडलेल्या जागांविरुद्धची प्रतिपिंडं टॉक्सॉइडला चिकटतात, जिवंत विषाला नाही. प्लेटवर टॉक्सॉइड असेल तर हेही तपासा.

तिसरं, वाणांमध्ये सारख्या राहिलेल्या भागांना धरणारी प्रतिपिंडं दोन्ही प्लेटवर सारखीच चिकटणार. म्हणून आकडे जवळपास सारखे आले. पण ते सारखे भाग बरेचदा बिनकामाच्या जागी असतात. निष्प्रभ करणारी मूठभर प्रतिपिंडं टोकाला धरणारी, आणि ती दुसऱ्या वाणावर घसरली. एलायझात हा फरक बुडून जातो.

प्रयोगात चूक झाली असं मला तरी वाटत नाही. तुम्हाला खरा निकाल मिळाला आहे.

पुढे काय करावं: प्लेटवर शुद्ध केलेलं, जड साखळीचं टोक वेगळं बसवून पाहा. सोबत्यांविरुद्धचा गोंगाट तिथेच गळतो. आणि विषाच्या मात्रा दोन्ही वाणांसाठी प्राणघातक मात्रेत बरोबरीच्या धरल्या होत्या का? नॅनोग्रॅममध्ये बरोबरीच्या धरल्या असतील आणि दुसऱ्या वाणाचं विष मुळात जास्त जहाल असेल, तर तुलना आधीच बिघडलेली आहे. हा मुद्दा फार जण विसरतात.

---

नवी_पिपेट

प्लेटवर संकुलच होतं. आणि मात्रा नॅनोग्रॅममध्येच धरल्या होत्या. दोन्ही ठिकाणी बोट ठेवलंत. खूप खूप आभार, पुढच्या आठवड्यात टोकाचा भाग घेऊन पुन्हा करते आणि इथे कळवते.

---

घरची_काळजी

मी रुग्णाच्या घरची आहे, शास्त्रातली नाही. माझ्या आईच्या मानेचे स्नायू वळतात, त्यासाठी तिला काही वर्षं बॉटुलिनम ए ची इंजेक्शनं देत होते. सुरुवातीला छान गुण आला, मग कमी कमी होत गेला. आता डॉक्टर म्हणतात शरीरात प्रतिपिंडं झाली असावीत. दुसऱ्या कंपनीचं ए घेतलं तर उपयोग होईल का? तुमच्या धाग्यात 'वेगवेगळे ए' वाचून आशा वाटली.

---

चेतासंधी

काळजी समजते. डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवा, पण धाग्यापुरतं लिहितो.

औषधात वापरली जाणारी ए ची प्रचलित इंजेक्शनं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी त्यांतलं विष ए१ च आहे, हॉल वाणाच्या घराण्यातलं. आईच्या शरीरात त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं खरोखर तयार झाली असतील तर कंपनी बदलल्याने ती फसत नाहीत. इंजेक्शनातलं सोबतचं प्रथिन कमी असलं की प्रतिपिंडं तयार होण्याची शक्यता कमी होते, हे खरं. १९९७ मध्ये एका प्रचलित औषधातलं प्रथिन १०० एककांमागे २५ नॅनोग्रॅमवरून ५ वर आणलं गेलं, त्यानंतर हा त्रास बराच कमी झाला. पण ते प्रतिपिंडं होण्याआधीचं आहे.

अशा वेळी बी प्रकाराचं इंजेक्शन हा मार्ग आहे. २००० मध्ये ते मान्य झालं. ए विरुद्धची प्रतिपिंडं बी ला अडवत नाहीत, १९१० मध्ये लॉइक्स यांना जे दिसलं तेच इथे रुग्णाच्या उपयोगी पडतं. अडचण अशी की बी ज्या प्रथिनाला धरून चेतापेशीत शिरतं, त्या सिनॅप्टोटॅग्मिन २ मध्ये माणसाच्या बाबतीत एक अमिनो आम्ल वेगळं आहे. उंदरात बी घट्ट बसतं, माणसात सैल. म्हणून मात्रा खूप जास्त द्यावी लागते, आणि जास्त प्रथिन म्हणजे बी विरुद्धही प्रतिपिंडं होण्याची शक्यता जास्त.

आणि गुण कमी होण्याचं कारण दर वेळी प्रतिपिंडंच असतात असं नाही. मात्रा, नेमके स्नायू, आजाराची बदललेली ठेवण, हेही असतं. प्रतिपिंडांची चाचणी करता येते, ती झाली आहे का हे डॉक्टरांना विचारा.

---

घरची_काळजी

चाचणी झालेली नाही. आता विचारते. इतक्या आपुलकीने लिहिलंत, धन्यवाद.

---

दुसरी_बाजू

एक प्रश्न राहिला, धागाकर्त्यांना. काही वर्षांपूर्वी 'एच' नावाचा आठवा प्रकार सापडल्याचा गाजावाजा झाला होता. तुमच्या चौकटीत तो कुठे बसतो?

---

प्रयोगवही (धागाकर्ता)

अगदी मधोमध बसतो. २०१३ मध्ये एका अर्भकाच्या बॉटुलिझममधून मिळालेल्या वाणाबद्दल तो दावा आला. उपलब्ध प्रतिविषांनी अडत नाही असं वाटल्याने जनुकाचा क्रमही सुरुवातीला जाहीर केला नव्हता. तो वाण दोन विषं बनवत होता, बी आणि हे नवं, त्यामुळे वेगळं करून तपासणं अवघड होतं. पुढे क्रम हाती आला तेव्हा कळलं की हलकी साखळी एफ५ सारखी आणि चिकटणारं टोक ए१ सारखं आहे. टोक ए चं, म्हणून ए च्या प्रतिविषाने ते अडतं. गोठा_ते_प्रयोगशाळा यांनी सांगितलेल्या सी/डी सारखंच हे जोडविष. आता त्याला एफए किंवा एचए म्हणतात. म्हणजे आठवं अक्षर द्यायचं की नाही हे शेवटी १९१० च्याच पद्धतीने ठरलं.

खरा धक्का दिला तो 'एक्स' ने. २०१७ मध्ये जिवाणूंच्या जनुकसंग्रहात शोधताना ते सापडलं, १११ नावाच्या वाणात. तो वाण १९९० च्या दशकात जपानमधल्या एका अर्भकाच्या आजारातून आलेला, आणि इतकी वर्षं सगळे त्याला बी म्हणूनच ओळखत होते. हा वाण बी चं विष तयार करतो, त्याच्याआड एक्स चं जनुक लपून राहिलं. सातही प्रकारांच्या प्रतिविषांपैकी एकानेही एक्स ओळखलं नाही. २०१८ मध्ये त्याच घराण्यातलं विष गाईच्या शेणातल्या एन्टेरोकॉकसमध्ये सापडलं, म्हणजे क्लॉस्ट्रिडियमच्या कुंपणाबाहेर. २०१९ मध्ये तर अॅनोफिलिस डासांना मारणारं एक भावंड निघालं, पीएमपी१ नावाचं.

एक्स ची प्रत्यक्ष जहालता प्रयोगात कमी दिसली. पण नवी_पिपेट, तुमच्या फ्रीजमध्ये जुने बी वाण असतील तर त्यांची जनुकं एकदा वाचून घ्या. 'बी' लिहिलेल्या बाटलीत दुसरं काय आहे ते बी च्या प्रतिविषाने कधीच कळणार नाही.

---

नवी_पिपेट

आमच्या संग्रहात 'बी' चिठ्ठीच्या चौदा कुप्या आहेत. सोमवारी पहिल्या तीनची जनुकं वाचायला पाठवते.